रात्र म्हणजे एक यादी: रात्रभर चालणाऱ्या नाटकासाठी प्रीटिक्समध्ये तिकीट-तपासणीचे नियम (कामाच्या नोंदी, नागपूर)

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

काम असं आहे. १७, १८ आणि १९ जानेवारीला, शुक्रवार ते रविवार, तीन झाडीपट्टी नाटकं. पडदा रात्री १० ला उघडणार, नाटक पहाटे साडेचार-पाचपर्यंत चालणार. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे धान निघालं की मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) निमित्तानं या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तिकडे मांडवात रात्र उजाडेपर्यंत नाटक चालतं. नागपूर शहरात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे मैदानाचा विचार सोडून बंदिस्त सभागृह घेतलं. खुर्च्या ११५०: खाली ८२०, बाल्कनीत ३३०. बाल्कनीचा जिना वेगळा आहे.

तिकिटांचे प्रकार पाच. खाली एक रात्र २५० रुपये, बाल्कनी एक रात्र १५०, विद्यार्थी बाल्कनी ८०, खालच्या खुर्चीचा तीन रात्रींचा पास ६००, आणि कलाकार-कार्यकर्त्यांचा फुकट पास.

नियम लिहायला बसण्याआधी गेटवर उभं राहणाऱ्यांना काय हवंय ते त्यांच्याच शब्दांत कागदावर घेतलं:

- ज्या रात्रीचं तिकीट, त्याच रात्री आत.
- पासवाला तिन्ही रात्री आत, पण एका रात्री एका पासावर एकच माणूस.
- चहाला बाहेर गेलेला परत आत यायला हवा.
- रात्री २ नंतर नवा माणूस नको.
- बाल्कनीचं तिकीट खालच्या दारावर चालायला नको.

तिकीट विक्री आणि तपासणीचं सॉफ्टवेअर प्रीटिक्स. खुल्या स्रोताचं आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, चेक-इन यादीला (गेटवर कोणती तिकिटं चालतात आणि कोणती वापरून झाली, ते ठेवणारी यादी) स्वतःचे नियम जोडता येतात, आणि गेटवर अँड्रॉइड फोनात प्रीटिक्सस्कॅन ॲप चालतं. दोन कोअर, ४ जीबीचा भाड्याचा सर्व्हर घेतला. डॉकर, पोस्टग्रेस, रेडिस (प्रीटिक्स चालायला लागणारी सॉफ्टवेअरं), डोमेन, ईमेल मिळून साडेतीन तास. त्यात अडलं काही नाही, म्हणून त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

३० डिसेंबर, सोमवार

पहिली चूक कार्यक्रम तयार करतानाच झाली. तीन तारखा आहेत म्हणून कार्यक्रमाचा प्रकार 'मालिका' निवडला. एकेका रात्रीची तिकिटं छान बसली. पासाशी आल्यावर कळलं की मालिकेत प्रत्येक तिकीट एकाच तारखेला बांधलेलं असतं. पास तीन तारखांचा करायचा तर एका माणसाला तीन तिकिटं द्यावी लागतात, म्हणजे तीन क्यूआर. गेटवर लोक चुकीचा क्यूआर पुढे करणार हे उघड आहे.

मालिका नंतर साध्या कार्यक्रमात बदलता येत नाही. सगळं टाकून 'एकच कार्यक्रम' निवडला आणि प्रत्येक रात्र तिकिटाचा वेगळा प्रकार म्हणून भरली: 'खाली शुक्रवार', 'खाली शनिवार' असे. एका रात्रीचे तीन प्रकार, तीन रात्रींचे नऊ. पास आणि कार्यकर्ते धरून एकूण ११. चार तास गेले. तुमच्याकडे एकही सामाईक पास नसेल तर मालिकाच सोपी पडते. पास असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

वेळेचा नियम. दार साडेआठला उघडायचं, २ ला नवा प्रवेश बंद. नियमांच्या खिडकीत वेळेसाठी दोन पर्याय मिळतात: ठरावीक तारीख-वेळ, किंवा तारखेशिवाय फक्त वेळ. तीन रात्रींना एकच नियम पुरेल म्हणून 'फक्त वेळ' घेतली आणि लिहिलं: '२०:३० नंतर' आणि '०२:०० आधी'.

चेक-इन यादीसोबत एक सिम्युलेटर येतो. तिकिटाचा कोड आणि हवी ती वेळ भरली की त्या क्षणी हिरवं मिळेल की लाल, ते दाखवतो. रात्री ९: लाल. रात्री ११: लाल. पहाटे १: लाल.

कारण साधं आहे, पण लक्षात यायला तास गेला. 'फक्त वेळ' म्हणजे स्कॅनच्या त्या क्षणाच्या कॅलेंडर-तारखेची वेळ. १७ तारखेला रात्री ९ वाजता '०२:००' म्हणजे १७ तारखेच्याच पहाटेचे दोन, ते कधीच उलटून गेलेले. १८ च्या पहाटे १ वाजता '२०:३०' म्हणजे १८ तारखेची संध्याकाळ, ती अजून यायची. दोन्ही अटी एकदम खऱ्या होतील अशी वेळच नाही. मध्यरात्र ओलांडणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला 'फक्त वेळ' चालणार नाही. ठरावीक तारीख-वेळ भरा: १७ जानेवारी २०:३० ते १८ जानेवारी ०२:००.

तशी भरली. तरी रात्री ९ ला लाल! कार्यक्रमाचा टाइमझोन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) राहिला होता. भरलेले २०:३० आपल्या घड्याळात पहाटेचे २ झाले. म्हणजे जेव्हा बंद करायचं तेव्हा दार उघडलं असतं. कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता केला आणि सगळ्या वेळा पुसून पुन्हा भरल्या. टाइमझोन बदलल्यावर आधी भरलेल्या वेळांवर विसंबू नका, एकेक उघडून पाहा.

वेळेच्या अटीजवळ मिनिटांच्या सवलतीची चौकट असते, ती रिकामी ठेवली. तिथे १५ भरलं तर दार १५ मिनिटं आधी उघडतं आणि १५ मिनिटं उशिरा बंद होतं. सवलत खिडकी मोठीच करते, कमी करत नाही.

४ जानेवारी, शनिवार

पास. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

प्रीटिक्समध्ये एक तिकीट एका चेक-इन यादीवर एकदा स्कॅन झालं की दुसऱ्यांदा 'आधीच वापरलं' असा लाल शेरा येतो. तिन्ही रात्रींना एकच यादी ठेवली तर पासवाला शनिवारी अडकणार. म्हणून 'एका तिकिटावर अनेक प्रवेश' ही खूण केली आणि नियम घातला: 'आजचे आधीचे प्रवेश = ०'. ही खूण न करता फक्त नियम लिहून उपयोग नाही. ती नसेल तर तिकीट आधीच नाकारलं जातं. नियम जास्तीची बंदी घालतो, मूळ बंदी उठवत नाही.

नियम कागदावर बरोबर दिसतो. खऱ्या स्कॅननं तपासला तर दोन्ही बाजूंनी चुकला. (सिम्युलेटर प्रवेशाची नोंद ठेवत नाही. त्यामुळे मोजणीचे नियम त्यात तपासता येत नाहीत. चाचणी-मोडमधली तिकिटं काढून फोननंच स्कॅन करावी लागतात.) रात्री ११:५० ला स्कॅन, हिरवं. १२:०४ ला तोच पास पुन्हा, पुन्हा हिरवं. 'आज' बदललं होतं! म्हणजे पासवाला आत बसून पासाचा फोटो बाहेरच्या मित्राला पाठवेल आणि मित्र मध्यरात्रीनंतर सहज आत येईल. उलट ११ ला चहाला गेलेला प्रामाणिक माणूस ११:१५ ला परत आला की लाल, कारण त्याचा 'आजचा' प्रवेश वापरून झाला.

मग 'आज' काढून 'अमुक वेळेपासूनचे प्रवेश' ही अट घेतली आणि वेळ दिली २०:३०. तीही 'फक्त वेळ' होती. मध्यरात्रीनंतर ती पुढच्या संध्याकाळी जाऊन बसते आणि मोजणी पुन्हा शून्य. दोन दिवसांपूर्वी कळलेली गोष्ट दुसऱ्या अटीत पुन्हा नडली. ठरावीक तारीख-वेळ देऊन, तीन रात्रींसाठी तीन फांद्या करून नियम चालला, पण त्यात १४ अटी झाल्या. पहाटे दोनला गेटवर काही बिघडलं तर एवढं वाचून कोण दुरुस्त करणार? पाच तास खर्चून हा नियम रद्द केला.

५ जानेवारी, रविवार

उपाय नियमांत नव्हता, यादीत होता. प्रवेशाची नोंद यादीनिहाय ठेवली जाते. पास शुक्रवारच्या यादीवर वापरला गेला तरी शनिवारच्या यादीला त्याची काही खबर नसते. म्हणून तीन याद्या केल्या: 'रात्र १', 'रात्र २', 'रात्र ३'. प्रत्येक यादीत फक्त त्या रात्रीचे प्रकार आणि पास. 'अनेक प्रवेश' ही खूण काढून टाकली. 'आज' हा शब्द नियमांतून गेला, कॅलेंडरही गेलं. नाटकवाल्यांच्या हिशेबात रात्र एक असते, बारा वाजले म्हणून ती तुटत नाही. यादीही तशीच.

यात एक धोका उरतो: शनिवारी एखादा फोन शुक्रवारच्याच यादीवर राहिला तर? त्यासाठी प्रत्येक यादीला तिची तारीख-वेळेची खिडकी दिली. फोन चुकीच्या यादीवर असेल तर पहिल्याच तिकिटाला लाल येईल, दहाव्या पासाला नाही. वेळेच्या नियमाचा खरा उपयोग हाच ठरला.

कलाकार-कार्यकर्त्यांसाठी चौथी यादी. तिथे अनेक प्रवेश मोकळे, नियम एकही नाही.

७ जानेवारी, मंगळवार

चहाचा प्रश्न. जानेवारीतल्या रात्री थंड असतात. अंक संपला की शे-दीडशे माणसं बाहेरच्या ठेल्यावर चहा आणि तर्री-पोह्यांसाठी जाणारच. यादीच्या सेटिंगमध्ये 'बाहेर पडल्याचं स्कॅन झाल्यावर पुन्हा प्रवेश' ही खूण ठेवली. त्यासाठी एक फोन 'बाहेर' या स्कॅन-प्रकारावर लावायचा. बाहेरच्या स्कॅनला नियम लागत नाहीत, ते कधीही हिरवंच येतं; ते योग्यच आहे, माणसाला आत कोंडायचं नाही.

पण बाहेरचं स्कॅन करून तिकीट दुसऱ्याच्या हाती दिलं तर? पुनःप्रवेशांना मर्यादा घातली: 'आधीचे प्रवेश ४ पेक्षा कमी'. इथे मोजणी नीट करा. 'आधीचे प्रवेश' म्हणजे या स्कॅनच्या आधी झालेले. 'चारपेक्षा कमी' म्हणजे एकूण चार प्रवेश, त्यात पहिला धरून, पुनःप्रवेश तीनच.

जोडीला आणखी एक अट घातली: 'शेवटच्या प्रवेशाला १० मिनिटं किंवा जास्त झालेली हवीत', म्हणजे आत जाऊन लगेच तिकीट बाहेर पाठवणं अवघड होईल. चाचणीत पहिलाच माणूस लाल. ज्याचा एकही प्रवेश झालेला नाही त्याच्यासाठी ही मोजणी शून्य किंवा अनंत नसते, उणे १ असते, आणि उणे १ हे १० पेक्षा लहान. त्या अटीच्या शेजारी तसं लिहिलेलंही असतं. दुरुस्ती: 'आधीचे प्रवेश = ०' किंवा 'शेवटच्या प्रवेशाला १० मिनिटं झाली'.

नियम चालला, तरी शेवटी काढून टाकला. गाडीत शाल विसरलेली बाई तीन मिनिटांत परत येते आणि तिलाच तो अडवतो. तिकीट हातोहात देणाऱ्याला दहा मिनिटं थांबायला काहीच अडचण नाही. माणूस तोच आहे का, हे क्यूआरला कधीच कळत नाही. त्यासाठी बाहेर पडणाऱ्याच्या मनगटावर शाईचा शिक्का. तीन रात्रींचे तीन वेगळे शिक्के, प्रत्येकी ३५० रुपये. कागदी मनगटपट्ट्यांचाही विचार झाला होता, पण सगळ्यांना तिन्ही रात्री द्यायच्या तर साडेतीन हजार लागल्या असत्या. शिक्का पुरतो.

९ जानेवारी, गुरुवार

छापील तिकिटं. गावाकडून येणाऱ्या मंडळींना हातात कागद हवा असतो, म्हणून ४०० तिकिटं छापून विक्रेत्यांकडे द्यायची ठरली. ऑर्डरी सीएसव्ही फाइलीतून (साध्या मजकुराच्या तक्त्यातून) आयात करता येतात, आणि तिकिटाचा कोड आपला देता येतो. तारीख, प्रकार आणि क्रमांक जोडून १६ आकडी कोड केले.

फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली, तिथेच घात झाला. एक्सेल संख्येचे १५ च अंक जपतं, सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं. क्रमानं चालणारे दहा-दहा कोड एकसारखे झाले आणि आयात 'कोड आधीच आहे' म्हणून थांबली. थांबली हे बरंच झालं. शिवाय क्रमवार कोड मुळातच नको होते. एक तिकीट पाहून पुढचा कोड कुणीही लिहू शकतो. कोडचा रकानाच काढला आणि प्रीटिक्सलाच कोड करू दिले. ते ३२ अक्षरांचे आणि यादृच्छिक असतात.

सगळ्या तिकिटांची एकत्र पीडीएफ काढून छापखान्यात दिली. गठ्ठा आला. वरची दोन तिकिटं स्कॅन केली: पहिलं हिरवं, दुसरं 'आधीच वापरलं'. पहिलं पान नमुना समजून त्याच्याच ४०० प्रती निघाल्या होत्या. कामाच्या चिठ्ठीवर 'प्रत्येक पानाचा कोड वेगळा' हे लिहिलेलं नव्हतं. १४०० रुपये गेले. छापखान्याला क्यूआर म्हणजे चित्र दिसतं, त्यामुळे तोंडी सांगून भागत नाही. 'व्हेरिएबल डेटा, डिजिटल छपाई, ४०० वेगळी पानं' असं लिहून द्या आणि गठ्ठा ताब्यात घेताना वरचं, मधलं आणि खालचं तिकीट तिथेच स्कॅन करा.

दुसऱ्या छपाईत क्यूआर १५ मिलिमीटरवरून २५ वर नेला आणि चकचकीत कागदाऐवजी मॅट घेतला. चकचकीत कागदावर दाराच्या बल्बचा उजेड नेमका कोडवर चमकतो. कोडभोवती पांढरी मोकळी जागा क्यूआरमधल्या चार बारीक चौकटींइतकी तरी हवी. कटिंगमध्ये ती गेली की फोन नुसता शोधत राहतो.

१२ जानेवारी, रविवार

दारं आणि नेट. प्रीटिक्समध्ये 'गेट' तयार करून प्रत्येक फोन त्याला जोडता येतो आणि गेट ही अट नियमात वापरता येते. दोन गेट केले: 'खाली' आणि 'बाल्कनी'. अट: तिकीट खालचं किंवा पास असेल तर गेट 'खाली', बाल्कनीचं किंवा विद्यार्थ्याचं असेल तर गेट 'बाल्कनी'.

खालच्या दारावर दोन रांगा आहेत. एक रांग पासची, एक साध्या तिकिटांची असा नियम करण्याचा आग्रह होता. केला नाही. एक रांग रिकामी आणि दुसरी रस्त्यापर्यंत गेली की कार्यकर्ता माणसं हलवणार, आणि तेव्हा फोन लाल दाखवणार. रांगेसाठी फलक लावा, नियम नको.

नेट गेलं तर काय, हे दोन फोन विमान-मोडवर टाकून पाहिलं. ॲप आधी उतरवलेल्या माहितीवर चालतं आणि नियमही फोनातच तपासले जातात. एकच तिकीट दोन्ही फोनांवर स्कॅन केलं: दोन्हीकडे हिरवं. एका फोनाला दुसऱ्यावर काय झालं ते जोडणी परत येईपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा माणूस आत बसलेला असतो. गेट वेगळे असल्यानं हा धोका खालच्या दारापुरता उरला. तिथे वेगळा राउटर आणि जोडीला फोनांत सिम ठेवलं.

एक फोन ऑफलाइन झाल्यावर सगळ्याच तिकिटांना लाल द्यायला लागला. जुना घेतलेला फोन, घड्याळ ४० मिनिटं मागे. ऑफलाइन असताना वेळेचा नियम फोनाचं घड्याळ पाहतो. पाचही फोनांवर नेटवर्कची वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू केलं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत, माणसं पतंगांवर. गेटची तालीम आज घेतली. सहा कार्यकर्ते, ६० चाचणी तिकिटं.

एका फोनवर मिनिटाला १० माणसं जातात, तिकीट शोधणं-दाखवणं धरून. चार फोन आत घेणारे, म्हणजे मिनिटाला ४०; ११५० माणसांना साधारण अर्धा तास.

विद्यार्थी तिकिटाला 'विशेष लक्ष' ही खूण केली. स्कॅन झाल्यावर स्क्रीन वेगळी चमकते आणि कार्यकर्ता ओळखपत्र मागतो. आधी त्यासाठी नियम शोधत होतो, पण ओळखपत्र पाहणं हे माणसाचं काम आहे, सॉफ्टवेअरनं फक्त आठवण द्यायची.

कार्यकर्त्यांच्या यादीवर 'सगळ्यांना आपोआप बाहेर काढा' ही वेळ सकाळी १० ठेवली होती, म्हणजे दुसऱ्या रात्री 'आत किती' हा आकडा शून्यापासून सुरू होईल. आज पाहिलं तर आधीच्या चाचणीची माणसं अजून 'आत'च. हे काम प्रीटिक्सची नियतकालिक आज्ञा करते आणि तिला क्रॉनमधून (सर्व्हरवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) दर काही मिनिटांनी हाक मारावी लागते. क्रॉनची ती ओळ सर्व्हर बसवतानाच राहून गेली होती. घातली.

ॲपमधल्या सेटिंगला आणि यादी बदलण्याला पिन लावला. पिन फक्त दोघांकडे.

१७ जानेवारी, शुक्रवार, रात्र १

२०:३० ला दार उघडलं. पहिल्या २० मिनिटांत अडचण एकच: लोकांच्या फोनचा उजेड कमी, क्यूआर वाचला जात नाही. 'उजेड वाढवा' असा फलक रांगेच्या सुरुवातीला लावल्यावर वेग आला.

खरी अडचण ०२:०८ ला. दुसरा अंक १:४० ला संपला, माणसं शिस्तीत बाहेरचं स्कॅन करून, शिक्का मारून चहाला गेली. परत आली तर सगळ्यांना लाल, कारण 'अमुक वेळेनंतर प्रवेश नाही'. '०२:०० आधी' ही अट पहिल्या प्रवेशाला आणि पुनःप्रवेशाला सारखीच लागते. गेटवाल्यांचं वाक्य होतं 'रात्री २ नंतर नवा माणूस नको'. नियमात 'नवा' हा शब्द आलाच नव्हता. तालमीत पहाटे दोनची वेळ सिम्युलेटरवर तपासली होती, पण न वापरलेल्या तिकिटानं. त्याला लाल येणं बरोबरच होतं, म्हणून शंका आली नाही.

दारात चाळीसेक माणसं, आत पडदा उघडलेला, हातात गरम चहा घेऊन म्हातारी माणसं थंडीत उभी. शिक्का पाहून आत सोडा असं सांगितलं आणि मागे बसून नियम बदलला. सात मिनिटं लागली. ऑफलाइन चालणाऱ्या फोनावर बदललेला नियम सिंक होईपर्यंत पोचत नाही. म्हणून खात्रीसाठी प्रत्येक फोनवर सिंक दाबलं.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळ

तिन्ही याद्यांत नियम नव्यानं लिहिला. 'रात्र २' चा पूर्ण नियम असा, चारही अटी 'आणि'नं जोडलेल्या:

१. आता १८ जानेवारी २०:३० नंतर.
२. पुढीलपैकी एक: (क) आता १९ जानेवारी ०२:०० आधी, किंवा (ख) आधीचे प्रवेश १ किंवा जास्त, आणि आता १९ जानेवारी ०५:३० आधी.
३. आधीचे प्रवेश ४ पेक्षा कमी.
४. पुढीलपैकी एक: (क) तिकीट खालचं किंवा पास, आणि गेट 'खाली', किंवा (ख) तिकीट बाल्कनी किंवा विद्यार्थी, आणि गेट 'बाल्कनी'.

तपासणी यावेळी तक्त्यानं केली. उभ्या रकान्यात चार प्रकारची तिकिटं: न वापरलेलं, आत असलेलं, बाहेर पडलेलं, चार प्रवेश झालेलं. आडव्या ओळीत पाच वेळा: २०:००, २१:००, ००:३०, ०२:१०, ०५:४५. वीस घरं. प्रत्येक घरात आधी 'हिरवं हवं की लाल हवं' ते पेननं लिहिलं, मग सिम्युलेटर चालवला. प्रवेश झालेली तिकिटं लागतात म्हणून 'रात्र २' ची हुबेहूब नक्कल असलेली चाचणी-यादी करून, तिची पहिली अट थोडा वेळ काढून, खऱ्या फोननं स्कॅन केलं आणि मग ती अट परत घातली. पन्नास मिनिटांचं काम. हे १५ तारखेला केलं असतं तर काल रात्री कुणी दारात थांबलं नसतं.

१८ जानेवारी, शनिवार, रात्र २

२०:३१ ला बाल्कनीच्या फोनवर पहिल्याच तिकिटाला लाल. फोन 'रात्र १' वर राहिला होता. पिन टाकून यादी बदलली, अर्ध्या मिनिटात रांग चालू. ०२:०० नंतरचे पुनःप्रवेश सगळे हिरवे. ०२:२० ला नवं तिकीट घेऊन आलेले चौघे नाकारले गेले, ते ठरल्याप्रमाणे.

१९ जानेवारी, रविवार, रात्र ३

अडचण नाही. एका पासाला पाचव्या प्रवेशाला लाल आलं. मधुमेहाचे गृहस्थ, वारंवार बाहेर जावं लागत होतं. सभागृहात शौचालय दाराच्या बाहेरच्या बाजूला आहे, तिथे जाणाऱ्यांचंही बाहेरचं स्कॅन होत होतं. मर्यादा ४ ठरवताना फक्त चहा धरला होता. तिथल्या तिथे ४ चं ८ केलं. आपल्या सभागृहाचं शौचालय गेटच्या आत आहे की बाहेर, हे पाहूनच हा आकडा ठरवा.

२० जानेवारी, सोमवार

खर्च: सर्व्हर १३००, डोमेन ९००, चार जुने फोन प्रत्येकी ५८०० प्रमाणे २३,२०० (पाचवा घरचा), पॉवर बँक तीन २७००, राउटर १६००, वाया गेलेली छपाई १४००, दुसरी छपाई २४००, शिक्के १०५०, दाराचे एलईडी दिवे ५००. एकूण ३५,०५० रुपये. वाया गेलेला वेळ साधारण १८ तास. त्यात सर्वांत मोठा वाटा पासाच्या 'आज'चा.

स्कॅनच्या नोंदी उतरवून ठेवल्या, लाल आलेल्यांसकट. लाल नोंदींत कारण लिहिलेलं असतं, नियम कुठे चुकला ते तिथेच सापडतं.

पाचही फोनांची जोडणी प्रीटिक्समधून रद्द केली आणि ॲप काढून टाकलं. ऑफलाइनसाठी उतरवलेल्या ऑर्डरींत लोकांची नावं आणि नंबर असू शकतात. चार फोन पुन्हा विकायचे आहेत. त्याआधी ते फॅक्टरी रीसेट करायचे, हे काम बाकी आहे.